३० आठवड्यांचं प्रीमॅच्युअर बाळ, साडेसहा महिने झाले तरी पालथं पडत नाही, व्यायाम कोणते घ्यायचे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे कळलं ते आधी थोडक्यात लिहिते, काही चुकत असेल तर सांगा. मुलगा ३० आठवड्यांचा असताना जन्मला, वजन १३५० ग्रॅम, सहा आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), त्यातले काही दिवस ऑक्सिजनवर. आता साडेसहा महिन्यांचा आहे, मान अजून डुगडुगते, पालथा पडत नाही, पोटावर ठेवलं की अर्ध्या मिनिटात रडून लालबुंद. जाऊबाईंचं बाळ याच्यापेक्षा आठ दिवसांनी लहान आणि ते बसायला लागलंय. घरचे म्हणतात काळजी कसली करतेस, पाय बघ किती मजबूत आहेत, उभं धरलं की चवड्यांवर ताठ उभा राहतो, आपण वॉकर आणू. आणि तुम्हाला हवंय रोज कोणते व्यायाम आणि किती वेळा.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, वीसेक वर्षं हेच काम, त्यातली निम्मी बाळं तरी एनआयसीयूतून घरी गेलेली. तरीही तुमच्या बाळाला मी हात लावलेला नाही, त्यामुळे खाली जे लिहितेय ते विचार कसा करायचा याबद्दल आहे, तपासणी नाही. बऱ्याच गोष्टी अशा आहेत ज्या तुम्ही लिहिल्या नाहीत आणि ज्यांनी उत्तर बदलू शकतं. मेंदूची सोनोग्राफी झाली होती का आणि त्यात काय आलं, व्हेंटिलेटर लागला का, डोळ्यांचा पडदा आणि कान तपासले का. डिस्चार्ज कार्डावर हे सगळं असतं, शोधून ठेवा. डोळ्यांचं उगाच विचारत नाहीये. ज्याला नीट दिसत नाही ते बाळ मान कशासाठी उचलेल?

आधी वयाचं बघू कारण निम्मी काळजी तिथेच कमी होते. तुमचा मुलगा ४० आठवड्यांच्या हिशोबाने १० आठवडे आधी आला. हे १० आठवडे त्याच्या वयातून वजा करायचे, त्याला करेक्टेड वय म्हणतात. साडेसहा महिने म्हणजे साधारण २८ आठवडे, त्यातून १० गेले, उरले १८. म्हणजे हालचालींच्या बाबतीत तुमचा मुलगा चार महिने आणि वर थोडे दिवस एवढाच आहे, आणि चार महिन्यांचं बाळ पालथं पडत नसेल तर कोणीच काही म्हणत नाही. मान थोडी डुगडुगणं चालतं, अगदीच मागे लटकत असेल तर मात्र दाखवायला हवं. ही वजाबाकी साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत करायची. फक्त लसींना ती लावू नका, लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, दोन्हीची गल्लत करून लसी पुढे ढकललेले आईबाबा मी पाहिलेत म्हणून सांगितलं.

आणि जाऊबाईंचं बाळ बसलं हे छानच आहे, ते साधारण सरासरी वेळेलाच बसलंय, पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना बरीच जागा असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या निरोगी, वेळेत जन्मलेल्या मुलांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत आला आणि एकट्याने चालण्याचा ८.२ पासून १७.६ पर्यंत. एवढा मोठा पट्टा, तोही वेळेत आलेल्या मुलांमध्ये. त्यातली चारेक टक्के मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा कोण कधी काय करतं यापेक्षा कसं करतं हे मी जास्त बघते.

आता ते मजबूत पाय. ही ओळ तुम्ही कौतुकाने लिहिलीय आणि मी मात्र तिथेच अडकले. घाबरवत नाहीये, पण नीट सांगते.

पोटातले शेवटचे दहा-बारा आठवडे बाळाला जागा पुरत नाही. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, हात तोंडाजवळ अशी सगळी घडी होऊन ते बसलेलं असतं, लाथ मारली की पाय भिंतीला लागतो आणि परत आत येतो. याच आठवड्यांमध्ये स्नायूंचा ताण तयार होत असतो, आधी पायांत मग वर हातांत आणि मानेत. म्हणून पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा पाय तुम्ही हळूच सरळ केलात आणि सोडलात तर तो टुणकन परत दुमडतो. तुमच्या मुलाचे नेमके हेच आठवडे गादीवर गेले, बहुतेक पाठीवर, आजूबाजूला नळ्या आणि खाली गुरुत्वाकर्षण. अशी बाळं सपाट पसरलेली असतात, हात दोन्ही बाजूंना खांद्याच्या रेषेत उघडे, पाय बेडकासारखे फाकलेले. एनआयसीयूत सिस्टर लोक कापडाच्या गुंडाळ्यांचं घरटं करून बाळाला त्यात गोळा करून ठेवतात ते यासाठीच, पण पोटातल्या भिंतींची सर त्याला येत नाही.

मग होतं काय की अशा बाळाला शरीराच्या पुढचे स्नायू वापरण्यापेक्षा मागचे वापरणं सोपं जातं. कंटाळा आला, मान मागे. राग आला, पाठीची कमान. कोणी उभं धरलं, पाय ताठ, गुडघे लॉक, टाचा वर. बघणाऱ्याला वाटतं वा काय ताकद आहे. मी ताकद म्हणते ती गुडघा वाकवून परत सरळ करता येण्याला. नुसताच ताठ होणारा पाय म्हणजे बहुतेक वेळा त्याच मागे ताणण्याच्या सवयीचं शेपूट. बऱ्याच प्रीमॅच्युअर बाळांमध्ये हा ताठपणा पहिल्या वर्षभरात हळूहळू जातो आणि काहींमध्ये जात नाही. न जाणाऱ्यांमध्ये कारण मेंदूतल्या आतल्या भागाला झालेली इजा असू शकतं. तिथून पायांकडे जाणारे तंतू मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना सगळ्यात जवळून जातात आणि लवकर जन्मलेल्या बाळांत इजा होते ती बहुतेक त्या पोकळ्यांच्या कडेलाच, म्हणून पायांवर आधी दिसते. सोनोग्राफीचं विचारलं ते म्हणूनच. तुमचा मुलगा यातल्या कुठल्या गटात आहे हे कोणीच लिहून सांगू शकत नाही. कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

तर माझ्या मते खरा प्रश्न पालथं पडण्याचा नाही. त्याला पुढच्या बाजूने गोळा व्हायला शिकायचंय, हात छातीपुढे एकत्र, हनुवटी खाली, गुडघे पोटाकडे, नजर समोर. हे आलं की मान धरणं, कूस बदलणं, पालथं पडणं आपोआप त्यावर बसत जातं. आणि हे शिकवायला वेगळा व्यायाम लागत नाही असं मी आता म्हणते, पूर्वी म्हणत नव्हते.

पूर्वीचं सांगते. नवीन होते तेव्हा मी घरी करायच्या व्यायामांचा एक छापील कागद द्यायचे, बारा व्यायाम, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा, समोर टिक करायला चौकोन. एक आई तीन आठवड्यांनी आली, कागद पूर्ण भरलेला, एकही चौकोन रिकामा नाही. मी खूश. तिने पिशवीतून घरची निळी सतरंजी काढली आणि खाली अंथरायला घेतली, अजून बाळ तिच्या कडेवरच होतं, आणि सतरंजी बघूनच ते रडायला लागलं. आई म्हणाली रोज असंच होतं मॅडम, पण मी थांबवत नाही, पूर्ण करते. त्या बाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला अजून आठवतात. चूक शंभर टक्के माझी होती, मी आईची सिस्टर करून टाकली होती. तो कागद त्याच महिन्यात बंद केला.

त्याऐवजी मी हिशोब करायला सांगते. दिवसातून सात-आठ वेळा डायपर बदलता, पंचवीस-तीस वेळा तरी उचलता आणि ठेवता, शिवाय दूध, आंघोळ, कपडे. एवढ्या वेळा तुमचे हात त्याच्या अंगाला लागतात. ते कसे लागतात तेवढं बदललं की झाला व्यायाम, वेगळा वेळ काढायला नको.

डायपरपासून सुरू करा. बहुतेक सगळे जण एका हाताने दोन्ही घोटे धरून पाय सरळ वर उचलतात, ढुंगण हवेत, मान मागे. असं करू नका. एक हात त्याच्या खुब्यावर ठेवा आणि हळू कुशीवर वळवा, अर्धा डायपर सरकवा, मग दुसऱ्या कुशीवर. घाई नको, कुशीवर आल्यावर एक-दोन सेकंद थांबा, बघा तो वरचा हात पुढे आणतो का, डोकं स्वतः वळवतो का. थांबलात तरच त्याला काही करायला वाव मिळतो, आपण भराभर फिरवलं तर तो नुसतं सामान होतो. डायपर लावून झाला की दोन्ही गुडघे पोटाकडे आणून ढुंगण किंचित उचला आणि त्याचे हात त्याच्याच गुडघ्यांवर ठेवा, तिथून तोंडाशी बोला. पुढे कधीतरी तो स्वतःचा पाय पकडेल, पायाचा अंगठा तोंडात घालेल, त्या दिवशी पोटाचे स्नायू जागे झाले असं समजा.

उचलताना बगलेत दोन्ही हात घालून सरळ वर उचलू नका. तसं उचललं की खांदे मागे जातात आणि पाय ताठ होतात, तुम्हीच करून बघा आणि पाय बघा. आधी कुशीवर वळवा, एक हात डोकं आणि खांद्याच्या खाली, दुसरा ढुंगणाखाली आणि त्या कुशीवरूनच वर घ्या, म्हणजे मधल्या क्षणी मान तो थोडी स्वतः सावरतो. ठेवतानाही उलट्या क्रमाने तसंच, आधी ढुंगण, मग कूस, मग डोकं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, नाहीतर आपल्या सवयीचाच हात चालतो आणि बाळ एकाच बाजूचं तरबेज होतं.

कडेवर घेताना खांद्यावर आडवं टाकलेलं बाळ मागे कमान करतं हे तुम्ही पाहिलं असेल. त्याची पाठ तुमच्या छातीला लावून समोर तोंड करून धरा, एक हात मांड्यांखालून असा की गुडघे खुब्यांपेक्षा थोडे वर येतील, खुर्चीत बसल्यासारखं, आणि दुसऱ्या हाताने त्याचे हात मध्ये आणा. ताठ झालेलं बाळ दुमडलं की सैल पडतं. गुडघे पकडून जोर लावून दुमडू नका मात्र, ताठपणाशी कुस्ती खेळलात तर तो जिंकेल. खुबा दुमडा, बाकीचं आपोआप येतं.

कुशीवर झोपवून खेळणं हा माझा सगळ्यात लाडका प्रकार. पाठीमागे टॉवेलची घट्ट गुंडाळी, बाळ कुशीवर, डोकं छातीच्या रेषेत. या पोझिशनमध्ये गुरुत्वाकर्षण त्याच्या विरुद्ध नाही, त्याच्या बाजूने काम करतं, दोन्ही हात आपोआप समोर येऊन पडतात आणि एकमेकांना सापडतात. पाठीवर असताना जे बाळ हात समोर आणू शकत नाही ते कुशीवर दहाव्या मिनिटाला खेळणं चाचपत असतं. खेळणं डोक्याच्या वर धरू नका कारण मग मान मागे जाते, छातीच्या उंचीला, एक वीतभर लांब. दोन्ही कुशी. हे सगळं फक्त तो जागा असताना आणि तुम्ही समोर असताना. झोपताना गुंडाळी नाही, उशी नाही, कूस नाही, पोट तर अजिबात नाही, सपाट टणक गादीवर पाठीवरच, यात तडजोड नको. अचानक मृत्यूचा धोका प्रीमॅच्युअर बाळांत जास्तच असतो.

आता पोटावर ठेवण्याचं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पोटावर झोपवू नका असं सांगितलं आणि ते बरोबरच होतं, त्यातून पुष्कळ जीव वाचले, पण त्याच्या पाठोपाठ जागेपणी पोटावर ठेवणंही घराघरातून कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेत अजून पुढे सरकू न शकणाऱ्या बाळांसाठी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पोटावर असं आहे. हा आकडा वाचून आया धसका घेतात. अर्धा तास सलग नाही हो, तुकड्या-तुकड्यांत, आणि तुमच्या मुलासाठी सुरुवात अर्ध्या मिनिटाचीच, तो रडायच्या आधी उचलायचं. रडेपर्यंत ठेवून मग उचललं तर तो काय शिकला? रडलं की सुटका.

आणि पोटावर म्हणजे जमिनीवरच असं कुठे आहे. मागे एक आई अशीच आली होती, २९ आठवड्यांची मुलगी, तुमच्याच मुलाएवढी. आईने सतरंजीवर मुलीला उपडं ठेवलं आणि डोक्यापुढे खुळखुळा वाजवायला लागली, मुलगी नाक सतरंजीत खुपसून ओरडतेय, आई अजून जोरात वाजवतेय, खोलीत नुसता कल्लोळ. मी खुळखुळा काढून घेतला. आईला भिंतीशी दोन उशा लावून रेलून बसायला सांगितलं आणि मुलीला तिच्या छातीवर पालथं ठेवलं, कोपर खांद्याखाली आणून दिले, माझा हात फक्त ढुंगणावर हलकासा दाबून. म्हटलं आता काही करू नका, श्वास घ्या, बोलू पण नका. मुलगी हुंदके देत देत शांत झाली, गाल छातीवर. मग बराच वेळ काहीच नाही. आईला वाटलं झोपली म्हणून ती हळूच म्हणाली "झोपलीस का गं" आणि आवाज आला तशी मुलीने मान उचलली, डुगडुगत, कपाळाला आठ्या घालून, आणि आईच्या हनुवटीकडे बघत राहिली. तीनेक सेकंद असेल. मग धपकन खाली. मग परत.

यात जादू काही नाही. आई रेललेली होती म्हणून बाळ उभट होतं, आणि जेवढं उभट तेवढं डोकं उचलायला सोपं. ढुंगणावरच्या हाताने वजन मागे खुब्यांकडे गेलं म्हणून छाती हलकी झाली. आणि बघायला खेळण्यापेक्षा चेहरा भारी. पुढच्या आठवड्यांत आई हळूहळू जास्त आडवी होत गेली, मग मांडीवर आडवं, मग छातीखाली छोटी गुंडाळी घेऊन जमिनीवर, आणि सगळ्यात शेवटी गुंडाळीशिवाय. तुम्हीही याच क्रमाने जा. एनआयसीयूत कांगारू केअर केलं असेल तर ही जवळपास तीच पोझिशन आहे, उभट, छातीला छाती, पाय दुमडलेले. बोगोटाच्या डॉक्टरांनी १९७८ च्या सुमाराला इनक्युबेटर पुरत नाहीत म्हणून ते सुरू केलं होतं. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसातून ८ ते २४ तास सांगते, अर्थात नवजात कमी वजनाच्या बाळांसाठी, तुमचा पठ्ठ्या आता एवढा वेळ एका जागी राहणार नाही. दूध पिऊन लगेच पोटावर नको, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, आणि दूध वर येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला कारण पोटावर रडण्याचं कारण कधीकधी मान नसतेच, घशाशी येणारी जळजळ असते.

इथपर्यंतचं एवढंच, की वय चार महिने धरा, मागे ताणणं कमी आणि पुढे गोळा होणं जास्त, आणि ते डायपर, उचलणं, कूस, छाती यातूनच.

पण किती वेळा, याचं उत्तर मी आकड्यात देत नाही. ते बाळ देतं. या बाळांना आवाज, उजेड, स्पर्श, हालचाल सगळं एकदम झालं की झेपत नाही आणि रडण्याच्या बऱ्याच आधी ती सांगतात. हायडेलिस आल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९८२ मध्ये हे नीट मांडलं आणि आज एनआयसीयूत बाळाला हाताळायची पद्धत बरीचशी त्यांच्यामुळे बदलली. बोटं पंख्यासारखी ताणून पसरणं, सारखी उचकी, जांभई, शिंका, नजर दुसरीकडे फिरवणं, अंगावर ठिपके-ठिपके रंग येणं, हे सगळं "आता पुरे" आहे. तेव्हा खेळणं बाजूला, बोलणं बंद, एक हात डोक्यावर आणि एक तळपायांना टेकवून नुसतं स्थिर थांबायचं. आणि हात तोंडाकडे नेतोय, मूठ सैल आहे, डोळे चकाकतायत, तुमच्याकडे बघतोय तर चालू ठेवा. दोन आठवड्यांत तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ओळखायला लागाल, मी त्याला महिन्यातून एकदा बघणार, तुम्ही दिवसभर बघता.

वॉकर नको. एका वाक्यात संपवणार होते पण घरी वाद होणार म्हणून कारणं देते. ज्या बाळाची सवयच चवड्यांवर ताठ होण्याची आहे त्याला आपण असं यंत्र देतोय ज्यात चवड्याने ढकललं की बक्षीस म्हणून गाडी पळते. पाय दिसत नाहीत, तोल सांभाळायची गरज नाही, खाली वाकणं नाही. चालणं त्याने लवकर येत नाही आणि जिन्यावरून पडणं, गरम वस्तूपर्यंत पोचणं असे अपघात होतात, कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली. बाउन्सर आणि लटकवून उड्या मारायचे झोपाळे यांनाही हेच लागू. आणि कौतुकाने सारखं उभं धरणंही बंद करा, पाहुणे आले की "दाखव रे पाय" असं होतं ना, ते. हात धरून ओढून बसवणंही व्यायाम म्हणून नको. ती आमची मान तपासायची पद्धत आहे, आम्ही एकदा करून बघतो आणि सोडून देतो. कुठून तरी व्हिडिओ बघून लोक दिवसातून वीस वेळा करतात आणि बाळ खांदे वर ओढून मान मागे टाकायला शिकतं. उशांच्या मध्ये टेकवून तास-तास बसवून ठेवणंही त्यातलंच.

एवढं सगळं केल्याने फरक किती पडतो? प्रामाणिकपणे सांगायचं तर घरच्या आणि थेरपीच्या कार्यक्रमांचा हालचालींवरचा परिणाम अभ्यासांमध्ये लहानच दिसतो आणि मूल मोठं होईल तसा पुसट होत जातो. समजशक्तीवरचा परिणाम त्यापेक्षा बरा दिसतो आणि शाळेआधीच्या वयापर्यंत टिकतो. माझा स्वतःचा अर्थ असा की बाळ आणि आईबाबा यांच्यात जी बघण्या-बोलण्याची सवय लागते ती पुढे कामी येते. त्यामुळे एखादा दिवस काहीच जमलं नाही, तुम्ही थकलात, बाळ चिडचिडं होतं, तर सोडून द्या तो दिवस, काही बिघडत नाही.

कधी थांबायचं नाही तेही लिहिते. सगळी वयं करेक्टेड धरा. चार महिन्यांनंतरही मुठी बहुतेक वेळ घट्ट, अंगठा आत. एका हाताने किंवा एका पायाने कमी हालचाल, किंवा वर्षाच्या आत एकाच हाताची पक्की आवड, हे मला सगळ्यात जास्त चिंतेत टाकतं आणि घरचे "डावखुरा होणार" म्हणून हसत असतात. डोकं कायम एकाच बाजूला आणि दुसरीकडे वळवताच येत नाही. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणं, डायपर लावताना मांड्या उघडायला त्रास. पाच महिन्यांनंतर मान मागे लटकणं, नऊ महिन्यांनंतरही बसता न येणं. आणि येत असलेली गोष्ट यायची बंद झाली तर त्याच आठवड्यात डॉक्टर. यातलं काहीही म्हणजे निदान नाही, पण "थांबून बघू" हे उत्तर मिळालं तर दुसरीकडे दाखवा. मेंदूच्या इजेमुळे होणारा हालचालींचा विकार, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, पूर्वी दीड-दोन वर्षांपर्यंत सांगता यायचा नाही, आता योग्य तपासण्या झाल्या तर पाच महिन्यांच्या आत बराच अंदाज येतो. लवकर कळलं तर मेंदू अजून घडत असतो तेव्हाच कामाला लागता येतं.

आणि यासाठीच तुमच्याकडे एक वेळेची गोष्ट आहे. ऑस्ट्रियन डॉक्टर हाइन्झ प्रेश्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की करेक्टेड वयाच्या साधारण ९ ते २० आठवड्यांमध्ये निरोगी बाळाच्या अंगात एक विशिष्ट चुळबूळ असते, मान, मनगटं, खुबे, घोटे, सगळीकडे बारीक बारीक, गोलाकार, सतत. ती नीट दिसली तर मोठा दिलासा असतो, नसेल तर पुढच्या तपासण्या लगेच करायच्या. तुमचा मुलगा १८ आठवड्यांचा आहे. म्हणजे दोनेक आठवडे हातात आहेत, त्यानंतर तो मुद्दाम हात-पाय चालवायला लागेल आणि ही चुळबूळ त्यात दिसेनाशी होईल.

म्हणून या दोन-तीन दिवसांतच मोबाइलवर व्हिडिओ काढा. बाळ पाठीवर सपाट, अंगात फक्त डायपर किंवा झबलं, हात-पाय उघडे, मोजे नाहीत. पोट भरलेलं, जागा, शांत, रडका किंवा झोपाळलेला नको. तोंडात चोखणी नाही, हातात खेळणं नाही, वर काही लटकलेलं नाही, आणि तुम्ही समोर वाकून बोलायचं पण नाही (हे सगळ्यात अवघड, आजीला बाहेर पाठवा). मोबाइल बाळाच्या वर धरून, पूर्ण बाळ डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये, तीन ते पाच मिनिटं, न थांबवता. रडलं तर बंद, नंतर परत. मग तुमच्या डॉक्टरांना फोन करून नेमकं असं विचारा की जनरल मूव्हमेंट्स (म्हणजे हीच चुळबूळ) बघायचं ट्रेनिंग घेतलेलं तुमच्याकडे किंवा फॉलोअप क्लिनिकमध्ये कोणी आहे का, आणि हॅमरस्मिथची तपासणी (बाळाचा स्नायूंचा ताण, हालचाली, प्रतिक्रिया बघणारी ठरलेली तपासणी) होईल का. अपॉइंटमेंट त्याच्या झोपेच्या वेळेची घेऊ नका, जागं आणि पोट भरलेलं बाळच आम्हाला काही सांगतं. उभं धरल्यावर टाचा उचलतो त्याचाही अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, एकदाच, कारण नेमकं डॉक्टरांसमोर ही मंडळी शहाण्यासारखी वागतात.